जिल्हा तेथे विद्यापीठ

बंगळूर मेट्रोच्या जांभळ्या मार्गावर 'सर एम. विश्वेश्वरय्या स्थानक, सेंट्रल कॉलेज' या नावाचे एक भुयारी स्थानक आहे. २०१६ मध्ये ते सुरू झाले. तेथून वर येऊन एखाद्या नवख्याने सेंट्रल कॉलेज कोठे आहे असे विचारले, तर त्याला ज्या आवाराकडे बोट दाखवले जाते तेथे आता विद्यापीठाची पाटी आहे. १८५८ मध्ये बंगळूर हायस्कूल म्हणून या जागी शिक्षणाला आरंभ झाला, १८७५ मध्ये तिला सेंट्रल कॉलेज हे नाव मिळाले. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले तेव्हा ते त्याच्याकडे गेले. १९६४ मध्ये बंगळूर विद्यापीठ निघाले तेव्हा त्याच्याकडे. २०१७ च्या सुमारास बंगळूर विद्यापीठाचे तीन भाग होऊन कामाला लागले, त्यांतल्या 'बंगळूर सेंट्रल' विद्यापीठाचे मुख्यालय येथे आले. मग त्याचे 'बंगळूर सिटी' विद्यापीठ झाले, आणि २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात त्याला डॉ. मनमोहन सिंग यांचे नाव देण्याची घोषणा झाली. आवार तेच, झाडे तीच, शिक्का मात्र दर पिढीला नवा. आणि अलीकडे तर पिढीचीही वाट पाहिली जात नाही.

नाव कोणाचे असावे याबद्दल मला काही म्हणायचे नाही. डॉ. सिंग हे आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना वंदनीयच आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. विद्यापीठ हा तालुक्यासारखा किंवा उपनिबंधक कार्यालयासारखा प्रशासकीय घटक आहे, अधिसूचना काढून तो फोडता, जोडता किंवा नव्याने निर्माण करता येतो, असा जो समज आपल्या शासनव्यवस्थेत रुजला आहे तो मुळातच चुकीचा आहे, आणि त्याची किंमत जिल्ह्याजिल्ह्यांतली मुले मोजत आहेत.

(येथे एक खुलासा करून टाकतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियमांतला नववा नियम मला पाठ आहे. योगायोगाने ते नियमही १९६४ चेच, म्हणजे बंगळूर विद्यापीठाचे समवयस्क. मी येथे कोणत्याही एका सरकारच्या धोरणावर टीका करीत नाही. हा रोग सर्व पक्षांच्या, सर्व राज्यांच्या आणि केंद्रातल्या योजनांच्याही अंगी आहे. मी फक्त हिशेब मांडतो आहे.)

जिल्हा फोडता येतो, हे मान्यच आहे. १९८६ मध्ये बंगळूर जिल्ह्याचे शहर आणि ग्रामीण असे दोन भाग झाले, २००७ मध्ये ग्रामीणमधून रामनगर निघाला, त्याच वर्षी कोलारमधून चिक्कबळ्ळापूर निघाला. नवा जिल्हा झाला की जिल्हाधिकारी येतो, कोषागार उघडते, पोलीस अधीक्षक बसतो. कायद्याने दिलेले अधिकार विभाज्य असतात. आज एका टेबलावर असलेली फाईल उद्या दुसऱ्या टेबलावर गेली तरी सही तितकीच वैध असते. विद्वत्ता अशी विभाज्य नाही. शिलालेख वाचणारा एक प्राध्यापक असेल तर तीन विद्यापीठांना प्रत्येकी एकतृतीयांश प्राध्यापक देता येत नाही. अर्थशास्त्रात आम्ही याला घटकांची अविभाज्यता म्हणतो. ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग, कुलसचिवांचे कार्यालय यांचा किमान खर्च विद्यार्थी दहा हजार असोत की एक लाख, करावाच लागतो. विद्यापीठ लहान झाले की दर विद्यार्थ्यामागे हा खर्च वाढतो, आणि तो वाढू द्यायचा नसेल तर पहिली कात्री ग्रंथालयाला लागते, कारण कुलसचिवाच्या गाडीला ती लागत नाही.

कर्नाटकात हा प्रयोग अगदी शुद्ध स्वरूपात पाहायला मिळाला. २०२२ च्या कायदादुरुस्तीने बीदर, हावेरी, चामराजनगर, हासन, कोडगु, कोप्पळ, बागलकोट येथे एकदम विद्यापीठे झाली. सुरुवातीचा निधी प्रत्येकी २ कोटी रुपये. वाचकांनी क्षणभर थांबून हा आकडा मनात घोळवावा. बंगळूरच्या बऱ्या वस्तीत एवढ्या पैशांत एक प्रशस्त सदनिका येते. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाच्या उपसमितीने, गेल्या काही वर्षांत निघालेल्या दहांपैकी बीदर वगळता नऊ विद्यापीठे चालवणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष काढला. त्या नऊंत बंगळूर शहरातलीच दोन होती : महाराणी क्लस्टर आणि नृपतुंग. नृपतुंग विद्यापीठ म्हणजे १९२१ पासून चालत आलेले सरकारी विज्ञान महाविद्यालय. शंभर वर्षे महाविद्यालय म्हणून जी संस्था सुखाने नांदली, तिला विद्यापीठ केल्यावर चारपाच वर्षांतच तिच्या अस्तित्वाचा प्रश्न निघाला. बढतीने माणूस बिघडतो हे आम्ही नोकरीत पाहतो. संस्थेचेही तसेच होत असावे.

उघडणारे एका पक्षाचे होते आणि बंद करू पाहणारे दुसऱ्या पक्षाचे, म्हणून हा वाद लगेच राजकारणाच्या रुळावर गेला. दोन्ही बाजूंनी जिल्ह्याच्या अस्मितेच्या गोष्टी झाल्या. एक प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही : हासन विद्यापीठ निघण्यापूर्वी हासनला काय होते? हेमगंगोत्री होते. म्हैसूर विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र. तेच आवार, तीच इमारत. फरक एवढाच झाला की म्हैसूरच्या मानसगंगोत्रीतल्या ग्रंथालयावर आणि प्राध्यापकांवर हासनच्या विद्यार्थ्याचा जो हक्क होता तो गेला, आणि त्या बदल्यात त्याला एक स्वतंत्र कुलगुरू मिळाला.

पूर्वी असे होत नसे. मंगळूरचे पदव्युत्तर केंद्र म्हैसूर विद्यापीठाने १९६८ मध्ये काढले आणि बारा वर्षे पोसले. मग १९८० मध्ये मंगळूर विद्यापीठ झाले. गुलबर्ग्याचे केंद्र धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या अंगणात वाढले, आणि १९८० मध्येच स्वतंत्र झाले. आपल्याकडे सोलापूरचे विद्यापीठ २००४ मध्ये निघाले ते एका जिल्ह्यापुरते म्हणून तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. पण तेथेही शिवाजी विद्यापीठाचे केंद्र आधी होते. म्हणजे लहान जिल्ह्याचे विद्यापीठ नकोच, असे माझे म्हणणे नाही. आधी शिक्षक, मग विभाग, मग ग्रंथ, आणि शेवटी कायदा, हा क्रम असावा एवढेच म्हणणे आहे. आपण आधी कायदा करतो आणि मग पदांचा आकृतिबंध वित्त विभागाकडे पाठवतो. तो तेथून परत येतो तेव्हा त्यावर 'तूर्त कंत्राटी' असा शेरा असतो.

आता त्या जिल्ह्याच्या वारशाकडे वळतो, कारण प्रत्येक नव्या विद्यापीठाच्या उद्देशात 'या भागाचा इतिहास व संस्कृती यांचे जतन व संशोधन' हे वाक्य असतेच असते. बंगळूर जिल्ह्याचा वारसा जतन करण्याचे पहिले मोठे काम कोणी केले? बी. एल. राइस यांनी. जन्माने बंगळूरचेच. १८६० मध्ये ते बंगळूर हायस्कूलचे, म्हणजेच पुढच्या सेंट्रल कॉलेजचे, मुख्याध्यापक झाले. मग शाळा तपासनीस झाले. शाळा तपासायला गावोगाव फिरताना त्यांना देवळांत, शेतांच्या बांधांवर, तळ्यांच्या कडेला कोरीव दगड दिसू लागले, आणि त्यांतून पुढे एपिग्राफिया कर्नाटिका ही ग्रंथमाला उभी राहिली. तिचा नववा खंड, १९०५ चा, केवळ बंगळूर जिल्ह्याच्या शिलालेखांचा आहे. त्यात कानडीबरोबर तमिळ लेख आहेत, कारण हा प्रदेश चोळांच्याही ताब्यात होता. म्हैसूरचे गॅझेटियर राइस यांचेच. आपल्याकडे त्याच सुमारास कॅम्बेल मुंबई इलाख्याची गॅझेटियरे काढत होते. पुणे जिल्ह्याचे तीन भाग १८८५ मध्ये छापले गेले. साम्राज्याला महसुलासाठी माहिती हवी होती, हे खरेच. पण माहिती गोळा करणारा माणूस वीस-पंचवीस वर्षे त्याच प्रदेशात राहू दिला गेला, हेही खरे आहे.

आणि बंगळूरचा वारसा केवळ कानडी-तमिळ नाही. १६३८ मध्ये शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली. त्यांच्या दरबारातल्या जयराम पिंडे या कवीने राधामाधवविलासचंपू लिहिले, आणि ते राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह १९२२ मध्ये छापले. त्या ग्रंथात अनेक भाषांतले कवी शहाजीराजांसमोर आपापल्या भाषेत रचना म्हणतात. आजच्या बंगळूरच्या भाषिक भांडणांकडे पाहता हे चित्र मोठे मनोवेधक वाटते, पण तो विषय वेगळा. मुद्दा असा की या एका जिल्ह्याचा सतराव्या शतकाचा इतिहास लिहायचा तर कानडी, मराठी (मोडीसह), फारसी, तेलुगू, तमिळ आणि संस्कृत वाचणारी माणसे एका छपराखाली हवीत. एका अभ्यासकाला दुसऱ्याचे दार ठोठावता आले पाहिजे. विद्यापीठ या कल्पनेचा अर्थ तरी दुसरा काय आहे? आता या एका छपराची तीन छपरे करा, आणि कानडी शिकवणारा ज्ञानभारतीत, इतिहासाचा कोलारजवळ टमकला आणि ग्रंथालय सेंट्रल कॉलेजात, अशी वाटणी झाल्यावर या इतिहासाचे काय होईल ते सांगा.

बंगळूरचे शिलालेख आज कोण सांभाळते आहे? बेगूरच्या देवळातल्या, नवव्या शतकाच्या अखेरच्या लेखात 'बेंगळूरु' हे नाव येते. हेब्बाळला आठव्या शतकातला लेख २०१८ मध्ये खोदकामात वर आला, आणि त्याच्यासाठी नागरिकांनी धडपड केली. जिल्ह्यातल्या सगळ्या शिलालेखांचे त्रिमितीय अंकीकरण करण्याचे काम २०२१ पासून मिथिक सोसायटीने हाती घेतले. ही १९०९ ची संस्था, विद्यापीठ नव्हे. आणि कामाला जुंपलेल्यांत हौशी मंडळी आहेत. त्यांचे करावे तेवढे कौतुक थोडे. पण एका जिल्ह्याच्या वाट्याला इतकी विद्यापीठे आली असताना हे काम त्यांतल्या एकाचेही ठरू नये, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही, हे मला अधिक अस्वस्थ करते.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्याचे आहे, आणि ते मी बंगळूरच्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. १८२१ च्या हिंदू कॉलेजापासून (म्हणजे संस्कृत पाठशाळेपासून) वाढलेले डेक्कन कॉलेज मुंबई सरकारने १९३४ मध्ये काटकसर म्हणून बंद केले. टिळक-आगरकर जेथे शिकले ते कॉलेज! कारण तेच, जे आज दिले जाते : परवडत नाही. पण तेव्हाच्या माजी विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला नाही, ते न्यायालयात गेले. सर जमशेटजी जीजीभाईंनी कॉलेजसाठी दिलेली देणगी हा सरकारवरचा विश्वस्ताचा भार आहे, तो सरकारला झटकता येणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. परिणामी १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. संलग्न महाविद्यालये नाहीत, परीक्षा शुल्काची कमाई नाही, मूठभर अध्यापक. त्या मूठभरांत सांकलिया होते, इरावती कर्वे होत्या, कत्रे होते. जोर्वे, नेवासे, इनामगाव ही नावे शालेय पुस्तकांत आली ती या मूठभर माणसांमुळे. इनामगावचे उत्खनन तर १९६८ ते १९८३ असे बारा हंगाम रेंगाळत, म्हणजे खरे तर नेटाने, चालले. संस्कृत महाकोशाचे काम १९४८ पासून आजतागायत चालू आहे. संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९९० मध्ये, अर्धशतक काम झाल्यावर. आधी इनामगाव, मग विद्यापीठ.

आज अशा प्रस्तावावर मी स्वतः टिपणी लिहायला बसलो तर काय लिहीन? 'विद्यार्थीसंख्या अत्यल्प, फलनिष्पत्ती दीर्घकाळ अनिश्चित, सबब प्रस्ताव अमान्य करण्यास हरकत नसावी.' आमच्या व्यवस्थेत मोजमाप संख्येचे आहे. विद्यापीठे किती, जागा किती, पदव्या किती. २०१३ च्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातही जुनी महाविद्यालये एकत्र करून 'समूह विद्यापीठ' करण्याचे कलम होते. महाराणी क्लस्टर त्यातलेच, आणि मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅम व इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांना एका नव्या विद्यापीठाखाली आणले गेले तेही त्याच वाटेने. एल्फिन्स्टनचे नाव ज्याने ऐकलेले नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळा. त्या विद्यापीठाचे नाव सांगता येईल असा तितकाच विरळा. (डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ. मलाही खात्री करून घ्यावी लागली.)

यावर उत्तर दिले जाते ते मुलींचे. दूरच्या गावातली मुलगी विद्यापीठाच्या शहरात जाऊ शकत नाही, म्हणून विद्यापीठ तिच्या जिल्ह्यात आले पाहिजे. हा युक्तिवाद प्रामाणिक आहे आणि मला त्याचा आदर आहे, पण तो जागेवर बसत नाही. ती मुलगी विद्यापीठात जातच नाही. ती महाविद्यालयात जाते. विद्यापीठात ती जाते ती गुणपत्रिकेतले नाव दुरुस्त करायला. त्या दुरुस्तीसाठी जिल्ह्याला एक खिडकी आणि एक सही करणारा अधिकारी पुरतो. तिच्या महाविद्यालयात मात्र इतिहासाला, भौतिकीला पूर्ण वेळ शिक्षक नाही. कर्नाटकात त्यांना अतिथी व्याख्याते म्हणतात, महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. अतिथी म्हणून पंधरा-पंधरा वर्षे राहिलेली माणसे मला ठाऊक आहेत. इतका दीर्घ पाहुणचार आणि इतके हलके ताट जगात दुसरीकडे नसेल. कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, वित्त अधिकारी आणि त्यांच्या वाहनांचे चालक यांच्यावर होणारा खर्च त्या मुलीच्या महाविद्यालयातल्या रिकाम्या पदांवर झाला असता तर?

शिवाय पैशाची एक गुंतागुंत असते, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. राज्य विद्यापीठांचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः संलग्नता आणि परीक्षा शुल्कातून येते. फाळणीपूर्वी बंगळूर विद्यापीठाकडे सहाशेहून अधिक महाविद्यालये होती. फाळणी झाली की महाविद्यालये, आणि म्हणून शुल्क, नव्या विद्यापीठाकडे जाते. निवृत्त झालेले कर्मचारी आणि त्यांचे निवृत्तिवेतन मात्र जुन्याकडे राहते. थोरल्याकडे आईवडील आणि धाकट्यांकडे बागायत, अशी ही वाटणी. नव्या शैक्षणिक धोरणाने, म्हणजे २०२० च्या, संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची असे ठरवले आहे. ज्या उत्पन्नाच्या भरवशावर नवी विद्यापीठे उभी राहतात तेच उत्पन्न घोषित धोरणाने आटणार आहे. ही दोन कागदपत्रे एकाच टेबलावर कोणी शेजारी ठेवली नसतील काय?

काही वर्षांपूर्वी खात्याच्या कामासाठी मला दक्षिणेतल्या एका विद्यापीठाकडून जुनी जिल्हा-सर्वेक्षणे हवी होती. साठ-सत्तरच्या दशकांत अर्थशास्त्र विभागाने गावोगाव जाऊन केलेली, तळी, विहिरी आणि मजुरी यांची. पत्राला उत्तर आले की विद्यापीठाच्या विभाजनानंतर तो विभाग दुसरीकडे गेला आहे. दुसरीकडे विचारले तेव्हा कळले, की विभाग आला, पण कपाटे आली नाहीत. कपाटे कोणाच्या वाट्याला गेली याची नोंद विभाजनाच्या कोणत्याच आदेशात नव्हती. टेबले, खुर्च्या, पंखे यांची यादी मात्र तपशीलवार होती. त्या सर्वेक्षणांची दुसरी प्रत कोठेही नाही, आणि ज्या तळ्यांची ती होती त्यांतली निम्मी आता बुजली आहेत.

म्हैसूर संस्थानाने हे शहाणपण कोठून आणले होते हे पाहण्यासारखे आहे. टाटांच्या विज्ञान संस्थेला १९०७ मध्ये ३७१ एकर जमीन दिली. तिचा स्थापना-आदेश १९०९ चा, पहिले विद्यार्थी १९११ चे. ज्या विश्वेश्वरय्यांचे नाव त्या मेट्रो स्थानकाला आहे ते सेंट्रल कॉलेजातून पदवीधर होऊन पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्य शिकायला आले, मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नाशिकपासून नोकरी केली, खडकवासल्याला आपले स्वयंचलित दरवाजे बसवले, आणि मग म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये विद्यापीठ आणि १९१७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. एक, दोन. सगळ्या संस्थानात. जिल्हे तेव्हाही होते, आणि प्रत्येक जिल्ह्यात शाळा काढण्यावर भर होता. १९२८ च्या मार्चमध्ये रामन यांनी आपल्या नव्या किरणांचा शोध दक्षिण भारत विज्ञान संघटनेपुढे मांडला तो सेंट्रल कॉलेजात. कलकत्त्याचा शास्त्रज्ञ तेथे आला कारण ऐकणारे तेथे होते.

त्या नऊ विद्यापीठांचे पुढे जे व्हायचे ते होवो. मूळ विद्यापीठात विलीन होवोत, किंवा आणखी पैसे मिळून उभी राहोत. मधल्या काळात त्यांत प्रवेश घेतलेल्या मुलांच्या पदवीपत्रावर कोणाचे नाव असेल, आणि पंधरा वर्षांनी पडताळणीसाठी नोकरी देणाऱ्याने पत्र कोणाला लिहायचे, हे मात्र आधी अधिसूचनेत छापून घ्यावे. आणि वाटणी असो वा विलीनीकरण, आदेशाला एक परिशिष्ट जोडावे : हस्तलिखिते, ठसे, सर्वेक्षणांचे तक्ते, जुन्या परीक्षांची दप्तरे, कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटात, कोणाच्या ताब्यात. पंख्यांच्या यादीच्या आधी ते असावे. पैसा लागत नाही. एक ग्रंथपाल आणि दोन महिने लागतात. ग्रंथपालाचे पद रिक्त असेल, तर ते आधी भरावे.